‘शुगर फ्री’ आणि ‘नो ॲडेड शुगर’ एकच नव्हे

वजन कमी करायला घेतलं की दोन वेळच्या जेवणाचं पथ्य बऱ्यापैकी पाळलं जातं. घात होतो तो मधल्या वेळी, एवढ्याशा गोडाने. चघळायची एक गोळी, चॉकलेटची एक वडी, एखादं बिस्किट. मग पाकिटावर ‘शुगर फ्री’ किंवा ‘नो ॲडेड शुगर’ दिसलं की जीव भांड्यात पडतो आणि हात सैल सुटतो. दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वाचतो, वर दोन्हींचा अर्थ ‘याने वजन वाढत नाही’ असा लावतो. खरा घोटाळा या दुसऱ्या समजुतीत आहे.

‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे पदार्थ बनवताना वरून साखर घातलेली नाही. मुळात त्यात जी साखर आहे ती तशीच राहते. खजुराच्या वड्याच घ्या. फळ वाळलं, पाणी उडालं, साखर जागच्या जागी राहिली. म्हणून खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. खजूर वाईट नाही, पण लहानशी वडी म्हणून चार-पाच तोंडात टाकल्या तर मुकाट्याने बरीच साखर पोटात जाते.

‘शुगर फ्री’चा अर्थ जास्त कडक आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार १०० ग्रॅममध्ये साखर जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम. मग गोडी येते कुठून? बहुतेक वेळा माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांसारख्या पॉलिऑलमधून, म्हणजे साखरेऐवजी वापरायच्या, कमी कॅलरीच्या गोड पदार्थांतून; कधी सुक्रालोज किंवा स्टीव्हिया यांसारख्या, चिमूटभरही पुरणाऱ्या अतिगोड पदार्थांतून. साखरेच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी; युरोपात लेबलवर बहुतेक पॉलिऑलसाठी २.४ धरतात. म्हणजे कमी, पण शून्य नव्हे. शिवाय पॉलिऑल जास्त झाले की पोट फुगतं, जुलाबही होतात.

आता चॉकलेटच्या एका वडीचा हिशोब मांडून बघू. साध्या मिल्क चॉकलेटच्या १०० ग्रॅममध्ये ढोबळमानाने ५० ग्रॅम साखर आणि ३० ग्रॅम फॅट धरा. साखरेच्या झाल्या २०० कॅलरी. फॅटच्या ग्रॅमला ९, म्हणजे २७०. सगळी साखर काढून तिथे माल्टिटॉल घातलं तरी २०० च्या जागी १२० येणार, वाचल्या ८०. दहा ग्रॅमच्या वडीमागे बचत फक्त ८ कॅलरी! फॅटला कुणी हातच लावलेला नाही. आणि ‘हे आपल्याला चालतं’ म्हणून दुसरी वडी उचलली की, माल्टिटॉल, फॅट आणि उरलेलं प्रथिन वगैरे सगळं धरून, पंचेचाळीसेक कॅलरी वाढल्या. हे गणित कळल्यापासून मी शुगर फ्री चॉकलेट आणणं बंद केलं.

चघळायच्या कडक गोळीचं मात्र वेगळं. तिच्यात जवळजवळ सगळी साखरच असते, त्यामुळे ती बिनसाखरेची घेतली तर खरोखर फरक पडतो. दातांसाठीही ती बरी.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी सुक्रालोज, स्टीव्हिया यांसारख्या गोडी देणाऱ्या पदार्थांवर विसंबू नये, कारण शरीरातली चरबी कमी व्हायला त्यांचा दीर्घकाळ उपयोग दिसत नाही. पॉलिऑल या सूचनेत येत नाहीत, आणि आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही. मधुमेहींना शुगर फ्री कामाचं ठरू शकतं, पण रक्तातल्या साखरेसाठी. तिथला प्रश्न वजनाचा नाही. डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

गोड खाण्याची इच्छा होणं हा काही गुन्हा नाही. मला विचाराल तर आवडीची खरी वडी जेवणानंतर बसून, चवीने खावी आणि डबा लगेच उचलून ठेवावा. नवीन पाकीट घेताना पुढचे मोठे शब्द सोडा, ते उलटं करा आणि १०० ग्रॅममागची ऊर्जा बघा. शेजारी साधं पाकीट धरून दोन्ही आकडे वाचा. वडी दहा ग्रॅमची असेल तर आकड्याला दहाने भागायचं, की एका वडीत किती ते तिथेच कळतं.