होम थिएटरचा रिसीव्हर घेण्याआधी हे वाचा

रिसीव्हर म्हणजे टीव्ही आणि स्पीकर यांच्या मधला, आवाज मोठा करून प्रत्येक स्पीकरला वाटून देणारा डबा. आमच्या दुकानात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा आहे?" आमची विनंती आहे की हा प्रश्न शेवटी विचारा. साधारण ४० ते ८० हजारांच्या रिसीव्हरमध्ये घराला पुरतील एवढे वॅट असतातच. पैसे वाया जातात ते घर न बघता मॉडेल ठरवल्यामुळे.

तरी वॅटचा हिशेब एकदा समजून घ्या. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत "१ चॅनल, ६ ओम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन" असं असेल, तर तो आकडा एकच स्पीकर चालू ठेवून, एकाच सुरावर, आवाज फाटेपर्यंत ताणून काढलेला आहे. भरवशाचा आकडा "२ चॅनल, ८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" अशा ओळीत सापडतो. तिथे १५० चे ८० झालेले दिसले तर घाबरू नका. ८० आणि १०० वॅटमध्ये जेमतेम १ डेसिबलचा फरक पडतो. उलट ८८ ऐवजी ९१ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये जास्त मोठे वाजणारे) स्पीकर घेतलेत, तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. म्हणून रिसीव्हरवर दहा हजार जास्त घालण्यापेक्षा ते मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरवर घाला. सिनेमातले बहुतेक संवाद तिथूनच येतात. "गाणं मोठं वाजतंय, पण बोलणं कळत नाही" ही तक्रार निम्म्याहून अधिक वेळा सेंटर स्पीकरची असते.

आता घर. बेळगावात शहापूर, वडगावच्या जुन्या घरांत सोपा, म्हणजे पुढची बैठकीची खोली, लांबट आणि वर उतरतं कौलारू छप्पर असतं. अॅटमॉससाठी (डोक्यावरूनही आवाज ऐकवणारी डॉल्बीची पद्धत) मिळणारे, आवाज वर फेकून छतावरून खाली आणणारे स्पीकर अशा घरात घेऊ नका. त्यांना सपाट, कठीण आणि साधारण साडेसात ते बारा फूट उंचीचं छत लागतं. कौलांच्या उतारावर आवाज भलतीकडे जातो. तिथे चांगला ५.१ सेट (पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा एक सबवूफर) लावा, नाहीतर वाशांना दोन छोटे स्पीकर अडकवून ५.१.२ करता येतं. मधल्या किमतीचे सात चॅनलचे, म्हणजे सात स्पीकर चालवणारे, रिसीव्हर यासाठी पुरतात. टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये स्लॅब सपाट मिळतो, पण फरशी आणि काचांमुळे आवाज घुमतो. जाड पडदे आणि सोफ्यासमोर एक सतरंजी एवढ्यानेसुद्धा ऐकू येईल असा फरक पडतो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ७.१ च्या मागे लागू नका. मागच्या दोन स्पीकरना जागाच उरत नाही.

रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. यामाहात त्या सोयीला वायपीएओ म्हणतात, डेनॉनमध्ये ऑडिसी. माइक बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा, पंखा बंद करायचा, कुकर लावलेला असेल तर शिट्ट्या संपेपर्यंत थांबायचं. मग रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज काढून अंतर आणि पातळी स्वतः जुळवतो. हे काम आमचा माणूस येऊन करून देतो, पण सोफा हलवलात की पुन्हा करावं लागतं, म्हणून त्याच्याकडून शिकून घ्या.

टीव्हीच्या मागे बघा. एचडीएमआयच्या एका भोकावर ई-आर्क (eARC) किंवा नुसतं आर्क (ARC) लिहिलेलं असतं; टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे त्याच वाटेने येतो, म्हणून रिसीव्हरची वायर तिथेच जोडायची. टीव्हीतल्या अॅपवरचा ओटीटीचा अॅटमॉस साध्या आर्कवरूनही येऊ शकतो. ब्लू-रेचा पूर्ण दर्जाचा आवाज टीव्हीमार्गे रिसीव्हरला द्यायचा असेल तरच ई-आर्क लागतं. ऑप्टिकल वायरवर अॅटमॉस येत नाही. घरात गेमिंग करणारी मुलं असतील तर ४के १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) चालतं का, हे मॉडेलनिहाय विचारा.

स्पीकरची वायर सोलताना तांब्याची एक सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली, तरी रिसीव्हर स्वतःला वाचवायला प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो. तारा पीळ देऊन बसवा. रिसीव्हरच्या वर चार-सहा बोटं जागा मोकळी सोडा. बंद कपाटात तो तापतो.

खानापूर, चंदगडकडच्या ग्राहकांना कळकळीने सांगणं आहे: वळवाचा गडगडाट सुरू झाला की नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढाच, पण डिश किंवा केबलची वायर आणि इंटरनेटची वायरही काढा. विजेचा झटका त्या वाटेनेही शिरतो आणि एचडीएमआयचा बोर्ड जातो. तसंच अमेरिकेहून नातेवाईकांनी आणलेला १२० व्होल्टचा रिसीव्हर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नका. गणपतीत मंडळाच्या मोठ्या स्पीकरलाही घरचा रिसीव्हर जोडू नका, तो त्या कामाचा नाही.

कोल्हापूर किंवा गोव्यात कर कमी पडेल म्हणून जाणारे अजून भेटतात. जुलै २०१७ पासून जीएसटीचा दर सगळीकडे एकच आहे. कुठेही घ्या, पण कंपनीची भारतातली वॉरंटी, सिरीयल नंबर घातलेलं पक्कं बिल आणि दुरुस्तीसाठी कुठे पाठवावं लागेल, या तिन्ही गोष्टी पैसे देण्याआधी विचारा.

आमच्याकडे येताना खोलीची लांबी-रुंदी, छताचा फोटो आणि टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलवर घेऊन या. ज्याचे संवाद तुम्हाला पाठ आहेत असा एखादा सिनेमाही निवडून ठेवा. तोच लावून दोन-तीन रिसीव्हर ऐकवतो. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा निवांत ऐकता येईल.