इंजिन धरायचे कोठे? जेट इंजिनाच्या माउंटमागची पार्श्वभूमी

जेट इंजिन आणि पायलन (इंजिनाला पंखाखाली टांगणारा आधार) यांना जोडणाऱ्या सांध्यांकडे, म्हणजे माउंटकडे, १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतांशी ओझे पेलणारे भाग म्हणूनच पाहिले जात होते. इंजिन निसटू नये, त्याची कंपने पंखात उतरू नयेत आणि तापल्यावर इंजिन लांबीला व घेराला वाढते त्याला मोकळीक मिळावी, एवढे साधले की माउंटचे काम झाले असे समजत. इंजिन कोठे धरले आहे यावर त्याच्या केसिंगचा, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाचा, गोलपणा अवलंबून असतो आणि त्या गोलपणावर इंधनाचा खप अवलंबून असतो, ही गोष्ट व्यवसायाला खऱ्या अर्थाने कळली ती १९६९ मध्ये, बोइंगच्या ७४७ या विमानाच्या चाचण्यांच्या काळात. आजची माउंटची जवळजवळ सगळी रचना त्या वर्षीच्या धड्यातून निघालेली असल्यामुळे या टिपणाचा भरही तेथेच आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. पिस्टन इंजिनाच्या काळात पोलादी नळ्यांची चौकट आणि तिच्या सांध्यांत रबरी गाद्या अशी मांडणी असे. तेथे खरा शत्रू होता कंपनांचा. इंजिनाचे जाड धातूचे धड वाकेल ही भीती फारशी नव्हती. पहिल्या पिढीच्या प्रवासी जेट विमानांवरची इंजिने सडपातळ होती, त्यांचा रेटा १०,००० ते १८,००० पौंडांच्या घरात होता आणि केसिंगचा व्यास लहान असल्यामुळे ते मुळातच ताठ असे. पुढच्या बाजूला एक आणि मागच्या बाजूला एक अशा दोन ठिकाणी धरलेले इंजिन निमूट काम करत राही. माउंटच्या जागेमुळे केसिंगमध्ये थोडाफार बाक येत असेलही, परंतु तो आत फिरणाऱ्या पात्यांच्या टोकाशी ठेवलेल्या फटीत मावून जात असे.

मोठ्या पंख्याच्या इंजिनांनी हा हिशेब मोडला. ७४७ साठी निवडलेल्या जेटी९डी इंजिनाचा पंखा सव्वादोन मीटरहून रुंद होता, गाभ्यातून, म्हणजे इंधन जळते त्या मधल्या भागातून, जाणाऱ्या हवेच्या सुमारे पाचपट हवा गाभ्याबाहेरून जात होती आणि सुरुवातीच्या आवृत्तीचा रेटा ४३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १९,७०० किलो होता. पुढे भलामोठा पंखा, मागे टर्बाइन (तापलेल्या वायूच्या झोताने फिरणारी पात्यांची चाके) आणि मध्ये त्या मानाने बारीक कंबर असा हा आकार वाकण्याच्या दृष्टीने अडचणीचाच होता. त्यातच वजन वाचवण्यासाठी केसिंग पातळ ठेवणे भाग होते, कारण चार टनांच्या आसपास वजन असलेल्या इंजिनात वाढलेला प्रत्येक किलो पायलन आणि पंख यांनाही पेलावा लागतो.

हे इंजिन १९६६ च्या डिसेंबरात प्रथम जमिनीवर चालवले गेले आणि १९६८ च्या जूनमध्ये बी-५२ या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखाली प्रथम आकाशात गेले. ७४७ चे पहिले उड्डाण ९ फेब्रुवारी १९६९ रोजी झाले. त्यानंतरच्या महिन्यांत दोन वेगवेगळ्या तक्रारी पुढे आल्या. थ्रॉटल झटकन हलवला की इंजिन स्टॉल होई, म्हणजे आतला हवेचा प्रवाह विस्कटून ते अडखळे, ही पहिली; आणि थोडाच काळ वापरल्यावर टर्बाइनचे केसिंग गोल न राहता लंबगोल होई, ही दुसरी. या दोन तक्रारींची पुढे इतकी सरमिसळ झाली की २२ जानेवारी १९७० रोजी न्यू यॉर्कहून लंडनला निघालेल्या पहिल्या व्यावसायिक उड्डाणाच्या वेळी इंजिन तापल्यामुळे ऐनवेळी विमान बदलावे लागले, तो प्रसंगही काही जण केसिंगच्याच खात्यावर मांडतात. तसे मांडणे बरोबर नाही. तापमानाची तक्रार इंजिनातून वाहणाऱ्या हवेशी निगडित होती. केसिंगचा प्रश्न धातूचा आणि बलांचा होता.

लंबगोल होणे म्हणजे नेमके काय, हे घरातल्या चाळणीवरून ध्यानात येते. चाळणीची कड एका ठिकाणी धरून ओढली, तर तिचा परीघ तेवढाच राहतो, पण ओढीच्या दिशेने व्यास वाढतो आणि आडव्या दिशेने घटतो. टर्बाइनच्या केसिंगचे असे झाले, तरी आत फिरणाऱ्या पात्यांच्या टोकांचे वर्तुळ वर्तुळच राहते. परिणामी समोरासमोरच्या दोन जागी पाती केसिंगला घासतात आणि त्यांच्या काटकोनातल्या दोन जागी फट रुंदावते. भार उतरल्यावर केसिंग पुन्हा गोल होते, परंतु घासून गेलेला धातू काही परत येत नाही. केसिंगचे अस्तर झिजले असेल तर तेवढ्या कंसापुरती फट कायमची वाढते. पात्यांची टोके झिजली असतील तर पूर्ण ३६० अंशांत वाढते, आणि हे दुसरे नुकसान फार महाग पडते. उच्चदाब टर्बाइनच्या टोकाशी पाव मिलिमीटर फट वाढली की इंधनाचा खप साधारण एक टक्क्याने वाढतो आणि बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान दहा अंशांच्या आसपास चढते, असा ढोबळ हिशेब या क्षेत्रात चालतो.

येथे एका शब्दाचा गुंता सोडवणे गरजेचे आहे, कारण त्यावाचून पुढचा वाद कळत नाही. ‘ओव्हलायझेशन’ हा शब्द त्या काळापासून सरसकट वापरला गेला, पण त्याच्या पोटात दोन निराळ्या विकृती आहेत. एक आहे ती खरोखरीची लंबगोलता: भार केसिंगच्या एखाद्या बिंदूवर एकवटला की तेथले कडे आपला गोल सोडते. दुसरीला इंग्रजीत ‘बॅकबोन बेंडिंग’ म्हणतात. आपण तिला कणा वाकणे म्हणू. या विकृतीत प्रत्येक छेद घेतला तर तो गोलच सापडतो, पण पुढून मागे जाणारी केसिंगची मध्यरेषा धनुष्यासारखी वाकलेली असते. आतला दांडा बेअरिंगांमध्ये आपल्या रेषेत राहू पाहतो आणि केसिंग त्याच्यापासून एका बाजूला सरकते. दुरुस्तीसाठी इंजिन उघडले की अस्तरावरच्या खुणा यातला फरक सांगतात. घड्याळाच्या बारा आणि सहा या दोन्ही जागी चकचकीत घासल्याचे कंस दिसले तर कडे लंबगोल झाले होते. एकाच बाजूला लांब कंस असून समोरच्या बाजूचे अस्तर कोरे राहिले असेल तर कणा वाकला होता. प्रत्यक्षात बहुधा दोन्ही थोड्याथोड्या प्रमाणात घडलेले असते, आणि म्हणूनच एकाच नावाने काम भागते असे वाटत राहते. उपाय मात्र वेगळे आहेत. लंबगोलतेसाठी भार एका बिंदूऐवजी अनेक बिंदूंत वाटावा लागतो; कणा वाकू नये म्हणून बलांची रेषाच बदलावी लागते.

ती रेषा अशी आहे. इंजिनाचा रेटा त्याच्या मध्यरेषेवर निर्माण होतो, पण पंखाखालच्या इंजिनाला वरूनच धरावे लागत असल्यामुळे तो रेटा पाठीवरच्या माउंटमधून पायलनकडे जातो. पुढे ढकलणारे बल खाली आणि त्याला अडवणारे बल वर अशी जोडी झाली की इंजिन नाक वर करून फिरू पाहते. केवळ हिशेबासाठी या दोन रेषांतले अंतर एक मीटर धरले, तर जेटी९डी च्या बाबतीत मीटरभर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे वीस टन टांगण्याइतका पीळ होतो. पुढचे माउंट इंजिनाला खाली दाबून आणि मागचे वर ओढून तो पीळ सांभाळतात, आणि त्या दोघांमधल्या केसिंगला वाकावे लागते. उड्डाणाच्या क्षणी विमान नाक उचलते तेव्हा हवा इंजिनाच्या तोंडात खालून तिरकी शिरते आणि पुढच्या कडेला वर उचलते, हा आणखी एक भार. हे दोन भार एकमेकांत भर घालतात की एकमेकांना काही अंशी खोडतात, हे रेटा पुढच्या माउंटपाशी घेतला आहे की मागच्या, यावर ठरते. तेच इंजिन आणि तोच रेटा असूनही धरण्याची जागा बदलली की केसिंगची वाकण्याची दिशासुद्धा बदलू शकते, आणि या विषयाचे मर्म माझ्या मते यातच आहे.

१९६९ चा खरा पेच तांत्रिक होता तितकाच जबाबदारीचाही होता. केसिंग इंजिन बनवणाऱ्यांचे, पायलन विमान बनवणाऱ्यांचे, आणि माउंट या दोघांच्या सीमेवर. केसिंग लंबगोल होते म्हणजे ते दुबळे आहे, तेव्हा ते जाड करा, हा एक पक्ष. इंजिन चांगलेच आहे, पण पंखाखाली त्याला ज्या रीतीने धरले जाते ती रीत त्याला पिळते, तेव्हा धरण्याची रीत बदला, हा दुसरा पक्ष. पहिला उपाय सरळ दिसतो, परंतु त्यात वजन वाढते आणि जाड केसिंग तापायला व निवायला वेळ घेत असल्यामुळे पात्यांशी असलेल्या फटीचे गणित पुन्हा नव्याने मांडावे लागते. दुसऱ्या उपायात इंजिनाच्या गाभ्याला हात लावावा लागत नाही, पण आधी ठरलेली भारवाटणी मोडून दोन्हीकडच्या आराखड्यांत बदल करावे लागतात, आणि विमाने कारखान्यात तयार होत असताना ते सोपे नसते.

अखेर दोन्ही गोष्टी झाल्या. केसिंग बळकट केले गेले, आणि रेटा एका जागी एकवटू नये म्हणून इंजिनाला दोन बाजूंनी पकडणारी, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची चौकट बसवली गेली. इंग्रजी वर्णनांत या चौकटीला ‘योक’ म्हटले आहे. मराठीत त्याला ‘जू’ हा नेमका शब्द आहे आणि तो कामाचे स्वरूपही सांगतो: गाडीची ओढ एका बैलाच्या मानेवर न येता दोघांत वाटली जावी, हेच जुवाचे काम. हा निर्णय होऊन सुधारलेली इंजिने हाती येईपर्यंत ७४७ च्या कारखान्याबाहेर वीसपर्यंत तयार विमाने इंजिनांविना उभी राहिली. पंखांना ठरलेला भार मिळावा आणि विमानाचा तोल राहावा म्हणून इंजिनांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे टांगले होते. विमाने ग्राहकांच्या हाती पडण्यास काही महिन्यांचा उशीर झाला, आणि त्यात दोन्ही उद्योगांचे पैसे अडकून पडले.

त्या काळातल्या वृत्तांतांत दोष बहुतेक वेळा इंजिनाच्या माथी मारलेला दिसतो, आणि तो अन्यायाचा आहे असे मला वाटते. चाचणीच्या चौकटीवर जमिनीशी घट्ट धरलेले इंजिन आणि वाऱ्यात लवणाऱ्या पंखाखाली टांगलेले इंजिन यांवरचे भार सारखे नसतात, हे दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांना ठाऊक होते. मात्र तो फरक पात्याच्या टोकाशी मिलिमीटरच्या अंशात मोजण्याची गरज त्यापूर्वी कोणाला पडली नव्हती. १९७१ मध्ये ‘सम्राट अशोक’ हे भारताचे पहिले ७४७ मुंबईला आले, तेही जेटी९डी च्याच पुढच्या आवृत्तीवर. तोवर जुवाचा उपाय रुळला होता.

मोजमापाचे काम खऱ्या अर्थाने झाले ते १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यानंतर. नवे इंजिन पहिल्या काही उड्डाणांतच आपली थोडी कार्यक्षमता का गमावते, याचा शोध अमेरिकेत सरकारी खर्चाने घेतला गेला आणि त्यासाठी निवडलेल्या इंजिनांत जेटी९डी ही होते. इंजिन जमिनीवर चालू ठेवून त्याच्या तोंडावर उड्डाणातल्या हवेइतका भार कृत्रिमरीत्या ओढून लावला गेला आणि क्ष-किरणांनी आतल्या फटी टिपल्या गेल्या. पुढे १९८० मध्ये प्रत्यक्ष ७४७ वर इंजिनाच्या तोंडावरचे हवेचे दाब मोजले गेले. सुरुवातीची घट मुख्यतः उड्डाणातील भारांमुळे होणाऱ्या घासण्याची आहे, हा निष्कर्ष त्यातून पक्का झाला. माउंटची जागा हा इंधनाच्या बिलाचा भाग आहे, हे त्यानंतर कोणाला पटवून द्यावे लागले नाही.

त्यापुढच्या पिढ्यांत तिरप्या रेटादांड्यांची पद्धत रूढ झाली. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, पंख्यामागच्या बळकट चौकटीवर दोन दांडे जोडतात आणि ते तिरपे मागे-वर नेऊन माउंटला मिळवतात. दांड्यांची रेषा पुढे वाढवली तर ती इंजिनाच्या मध्यरेषेला छेदते. म्हणजे दांडा पाठीकडे जात असला तरी रेटा जणू मध्यरेषेवरच धरल्यासारखा होतो आणि कणा वाकवणारा पीळ बराच घटतो. दांड्यांचा कोन किती ठेवायचा हा प्रत्येक इंजिनाच्या वेळी नव्याने वादाचा विषय होतो, कारण उड्डाणाला सोयीचा कोन दीर्घ प्रवासाला सोयीचा असतोच असे नाही. काही इंजिनांत बाहेरच्या झाकणांनाही खाचांत अडकवून वाकण्याचा काही भाग त्यांच्यावर सोपवला जातो. अशा वेळी झाकणाची कडी नीट लागली आहे की नाही, ही बाब हवेच्या गळतीपुरती उरत नाही.

अलीकडे प्रश्न पुन्हा तीव्र झाला आहे. पंखे वाढत चालले आहेत. प्रवासी विमानासाठी मान्यता मिळालेल्या सर्वांत मोठ्या इंजिनाच्या पंख्याचा व्यास ३.४ मीटर आहे. गाभा मात्र त्या प्रमाणात बारीक होत आहे, आणि कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, शेवटच्या टप्प्यांतील पाती इतकी आखूड झाली आहेत की पूर्वी नगण्य वाटणारी फट आता त्यांच्या उंचीचा लक्षणीय हिस्सा ठरते. म्हणून पुढचे माउंट पंख्याच्या रुंद केसिंगवर घ्यावे की गाभ्यावर, हा जुना प्रश्न पुन्हा आराखड्यांच्या टेबलावर आला आहे. पंख्याच्या केसिंगवर धरले तर गाभ्याला कमी सोसावे लागते, पण ते केसिंग जड करावे लागते. गाभ्यावर धरले तर वजन वाचते आणि वाकणे वाढते.

दोन दांड्यांच्या मांडणीत मागच्या टोकाला एक छोटी तुळई असते, मधोमध खिळीवर झुलणारी. एका दांड्यावर ओढ जास्त आली की ती किंचित कलते आणि दोघांवरचा भार सारखा करते. तिच्या दोन्ही टोकांशी अडथळे असतात आणि एरवी तुळई त्यांना टेकत नाही. एक दांडा तुटला तर तुळई कलून अडथळ्यावर बसते आणि सगळा रेटा उरलेल्या दांड्याकडे जातो. तपासणी करणारा तंत्रज्ञ त्या अडथळ्यापाशी घासल्याची खूण आहे का, हे टॉर्च लावून पाहतो.