निवडणुकीचा घोर आणि ख्रिस्ती मंडळी: मागचा इतिहास

निवडणूक जवळ आली की मंडळीत दोन गोष्टी हमखास दिसतात. उपासना संपल्यावर काही जण एकमेकांची नजर चुकवून बाहेर पडतात, आणि काहींना ‘आपला’ माणूस पडला तर सगळं संपलं या घोराने झोप लागत नाही. काळच बिघडलाय, असं सांगणारेही भेटतात. पण हे दुखणं जुनं आहे.

येशूच्या बारा शिष्यांत परक्या सत्तेच्या व्यवस्थेत जकात वसूल करणारा मत्तय होता आणि ज्याला शुभवर्तमानकार लूक ‘जिलोत’ म्हणतो तो शिमोनही होता. जिलोतांचा तेव्हा संघटित पक्ष होता का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण रोमचं राज्य ज्यांना खुपत होतं त्यांच्या बाजूचंच ते नाव. मत्तयाने जकातनाका सोडला, तरी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या शिष्यांच्या यादीत तो ‘जकातदार’ म्हणूनच येतो. मागची ओळख कुणी पुसून टाकली नाही.

पहिली तीन शतकं ख्रिस्ती लोकांना भीती होती ती छळाची. राजा कोण असावा हे त्यांना कुणी विचारतच नव्हतं. तरी १९७ च्या सुमारास कार्थेजचा तर्तुल्यन लिहितो की आम्ही सम्राटासाठी प्रार्थना करतो, मात्र त्याला देव म्हणत नाही. मग ३१३ मध्ये छळ थांबला आणि ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. आजच्या घोराचं मूळ मला इथे दिसतं. राज्य आपलं वाटू लागलं की ते हातचं जाण्याची धास्तीही मागोमाग येते. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा अनेक ख्रिस्ती लोकांचा धीर सुटला. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन ४१३ ते ४२६ या काळात ‘देवाचं नगर’ या ग्रंथाचे बावीस खंड लिहीत राहिला. त्यातला एक मुद्दा असा: पृथ्वीवरचं कोणतंही राज्य, अगदी ख्रिस्ती राजाचंही, देवाचं नगर नव्हे, आणि कोण देवाच्या नगराचा, कोण पृथ्वीवरच्या, हे शेवटापर्यंत बाहेरून ओळखता येणार नाही.

मधली शतकं सोडून देऊ. १५५५ मध्ये जर्मन संस्थानांत राजाचा पंथ तोच प्रजेचा असं ठरलं, आणि १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात रक्ताचे पाट वाहिले.

मतदाराला नेमका सल्ला मिळतो तो १७७४ मध्ये. इंग्लंडमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. गुप्त मतदान तिथे १८७२ मध्ये आलं. तोवर मत उघडपणे द्यायचं, त्यामुळे कुणी कुणाला मत दिलं हे गावभर कळे. लाच आणि दारूचा सुकाळ वेगळाच. ६ ऑक्टोबरला मेथडिस्ट या ख्रिस्ती सुधारणा-चळवळीचे जॉन वेस्ली यांनी आपल्यातल्या मतदारांना तीन गोष्टी सांगितल्याची रोजनिशीत नोंद आहे: काही न घेता, योग्य वाटेल त्यालाच मत द्या, ज्याच्या विरोधात मत दिलं त्याच्याबद्दल वाईट बोलू नका, आणि पलीकडच्या बाजूला मत देणाऱ्यांविषयी मन कडू होऊ देऊ नका. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. पुढच्याच वर्षी वेस्लींनी अमेरिकी वसाहतींच्या विरोधात पत्रक काढलं आणि त्यावरून केवढा गदारोळ उठला!

पण हा सल्ला म्हणजे ‘गप्प बसा’ नव्हे. त्याच १७७४ साली वेस्लींनी गुलामगिरीविरुद्ध कडक पुस्तिका छापली होती. अमेरिकेतल्या त्यांच्या वारसांनी मात्र दक्षिणेतले सभासद दुखावू नयेत म्हणून या प्रश्नावर हळूहळू माघार घेतली. एकी टिकली, तिची किंमत गुलामांनी मोजली. शेवटी १८४४ मध्ये गुलाम बाळगणाऱ्या एका बिशपावरून मेथडिस्टांची परिषद फुटली. १८४५ मध्ये बॅप्टिस्ट हा दुसरा पंथही दुभंगला. उत्तर-दक्षिण मेथडिस्ट पुन्हा एक झाले ते १९३९ मध्ये. मधल्या यादवी युद्धाच्या अखेरीस, मार्च १८६५ मध्ये, लिंकन यांनी भाषणात बोलून दाखवलं की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात.

जर्मनीत तर मतदान खुद्द मंडळीतच झालं. जुलै १९३३ च्या चर्चच्या निवडणुकांत नाझींना मानणाऱ्या गटाने मोठं बहुमत मिळवलं. मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जमलेल्या विरोधकांनी जाहीरनामा काढून बजावलं की चर्चचा प्रभू ख्रिस्त आहे, आणि राज्याने आपली हद्द ओलांडून माणसाचं सगळं आयुष्य व्यापू नये. ज्यूंच्या छळाबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही. मसुद्याचे मुख्य लेखक कार्ल बार्थ यांना पुढे त्याची खंत वाटली.

अलीकडचा एक प्रयोग अमेरिकेतला. मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या काही पाळकांच्या कल्पनेतून २०१२ च्या मतदानाच्या दिवशी संध्याकाळी शेकडो मंडळ्यांनी प्रभुभोजन ठेवलं. दोन्ही पक्षांच्या मतदारांनी निकालाचे आकडे बघत बसण्याऐवजी तिथे यावं, एवढाच बेत होता. त्याने मतभेद मिटले नाहीत, आणि मिटवण्याचा दावाही कुणी केला नव्हता.