लाँग डिस्टन्स ट्रायथलॉनसाठी धावण्याचा दम वाढवणं

लाँग डिस्टन्स ट्रायथलॉनमध्ये धावणं सगळ्यात शेवटी येतं आणि या खेळात धावण्याचा दम म्हणजे नक्की काय, ते त्यावरूनच ठरतं. फुल आयर्नमॅनला, म्हणजे या प्रकारातल्या सगळ्यात गाजलेल्या शर्यतीला, आधी ३.८ किमी पोहायचं, मग १८० किमी सायकल आणि त्याच्यावर ४२.२ किमीची अख्खी मॅरेथॉन, सगळं मिळून साधारण १७ तासांच्या आत. हाफ म्हणजे ७०.३, हा आकडा मैलांचा, त्यात सगळी अंतरं बरोब्बर निम्मी. नुसती मॅरेथॉन पळणारा सकाळी ताज्या पायांनी निघतो, ट्रायथलीट मात्र कित्येक तास राबलेल्या पायांनी, म्हणून त्याचं ट्रेनिंगही वेगळं असतं.

ही अंतरं ठरली १९७८ साली, हवाईच्या ओआहू बेटावर. तिथे वायकिकीची पोहण्याची शर्यत, बेटाभोवतीची सायकल आणि होनोलुलू मॅरेथॉन अशा तीन स्पर्धा वेगवेगळ्या होत्याच, त्या एकाच दिवशी लागोपाठ करायच्या ही कल्पना अमेरिकन नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी जुडी यांची. पहिल्या वर्षी १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली.

दम वाढतो म्हणजे शरीरात काय होतं? हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंमध्ये केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात, आणि शरीर त्याच वेगाला साखर कमी आणि चरबी जास्त जाळायला शिकतं. हे सगळं काही आठवड्यांत जाणवायला लागतं. हाडं, कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि सांधे मात्र फार सावकाश घट्ट होतात, त्यांना महिनोन् महिने लागतात आणि नवीन माणसाची नेमकी इथेच फसगत होते. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुपटी-तिपटीचा दणका पायावर बसतो, सायकलवर आणि पाण्यात तो बसतच नाही. म्हणजे सायकलिंग करून छाती तयार होते, दम लागत नाही, माणूस म्हणतो चला आज १८ किमी पळू, आणि पंधरा दिवसांनी नडगी दुखायला लागते. बोटाने दाबून बघितलं तर नडगीच्या आतल्या कडेला लांबवर दुखत असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट्स, म्हणजे जास्त ताणाने नडगीला आलेली सूज, एकाच बोटभर जागेत ठणकत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायची आणि पळणं बंद करून सरळ डॉक्टरकडे जायचं. माझं ठाम मत आहे की ट्रायथलीटने धावण्याचे किलोमीटर आपल्या दमाकडे बघून वाढवू नयेत, पोटऱ्या आणि नडग्या काय म्हणतात ते बघूनच वाढवावेत. दर आठवड्याला १० टक्के वाढ हा लोकांचा आवडता हिशोब आहे, तो अंदाज म्हणून ठीक, पण तीन आठवडे वाढवून चौथा हलका ठेवणं हे त्याच्याहून जास्त उपयोगी पडतं.

बहुतेक धावणं हळू हवं, म्हणजे सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतकं हळू, घड्याळवाले याला झोन टू म्हणतात. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकन ट्रायथलीट मार्क ॲलन. त्याचे कोच फिल मॅफेटोन यांच्या १८० वजा वय या हिशोबाने त्याला हार्ट रेट १५५ च्या वर जाऊ द्यायचा नव्हता, तेव्हा पट्टीचा धावणारा असूनही त्याला मैलाला सव्वाआठ मिनिटं लागायला लागली. काही वर्षं चिकाटीने तेच केल्यावर त्याच १५५ ला तो मैल ५ मिनिटं २० सेकंदांत जायला लागला. हवाईच्या कोना इथल्या आयर्नमॅनमध्ये तो सहा वेळा हरला, आणि १९८९ ला तिथला आधीचा विजेता डेव्ह स्कॉट याच्याबरोबर जवळजवळ पूर्ण मॅरेथॉन खांद्याला खांदा लावून पळून शेवटच्या चढावर पुढे सुटला आणि जिंकला. त्याची मॅरेथॉन २ तास ४० मिनिटांची होती, दोघांत फरक फक्त ५८ सेकंदांचा. हा फॉर्म्युला सगळ्यांना तंतोतंत लागू होत नाही, पण त्याने ठेवलेला धीर मात्र जरूर शिकण्यासारखा आहे.

आठवड्याला तीन ते चार वेळा पळणं पुरतं. त्यात एक लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब धावणं, फुलची तयारी असली तरी तो अडीच तासांच्या फार पुढे नेऊ नये कारण रिकव्हरीला इतके दिवस जातात की सायकल आणि पोहणं दोन्ही बुडतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट ब्रिक, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच पळणं. पहिल्यांदा करताना पाय आपले वाटतच नाहीत, मांड्या जड, गुडघे नीट उचलत नाहीत, आणि गंमत म्हणजे आपण रखडतोय असं वाटत असताना घड्याळात पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ठरवल्यापेक्षा ३० सेकंदांनी फास्ट दिसतो, कारण डोळ्यांना इतका वेळ सायकलच्या वेगाची सवय झालेली असते. पहिले दोन किलोमीटर मुद्दाम आवरून धरायचे ते यासाठी. ब्रिकला २० ते ३० मिनिटं पळणं बास, फक्त वरचेवर करायचं.

पोटालाही ट्रेनिंग लागतं. शरीरात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा साठा साधारण २,००० कॅलरींचा, तो दिवसभर पुरणारच नाही, म्हणून तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्बोहायड्रेट घ्यायची सवय लाँग रनमध्येच लावायची, एनर्जी जेल असो, खजूर असो की मीठ लावलेला उकडलेला बटाटा. गोव्यात मिरामारला २०१९ पासून ७०.३ होते, तिथे महाराष्ट्रातून भरपूर लोक जातात आणि उन्हात दमट हवेत २१.१ किमी पळताना घाम वाळतच नाही, त्याच पेसला हार्ट रेट चढत जातो. पळायच्या आधी आणि नंतर वजन करायचं, एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं, वर प्यायलेलं त्यात मिळवायचं. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

चालण्याचाही सराव करावा. दर एड स्टेशनला, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या टेबलापाशी, ३० सेकंद चालून नीट पिऊन परत पळायला लागायचं, हे लाँग रनमध्ये आधीच घोटवलेलं असलं की ३० व्या किलोमीटरला चालायला लागलेले पाय परत पळायला तयार होतात.