तिघांचं जमतं, दोघांचं नाही: एफिमॉव्हच्या तिकडीची पार्श्वभूमी

रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो तर भाचीने तर्रीच्या वाटीशेजारीच लॅपटॉप उघडला. एमएस्सीचा प्रोजेक्ट, अतिथंड अणूंच्या तिकडीचं मॉडेल. मामा कोडमध्ये बग आहे, म्हणे फोर्सची रेंज जितकी लहान करते तितकी एनर्जी खाली जाते, तळच लागत नाही. म्हटलं बग नाही गं, हे 1935 सालीच थॉमस नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने कागदावर दाखवलंय. दोघांचं बंधन तेवढंच ठेवून बलाचा पल्ला शून्याकडे नेला की तिघं एकमेकांत कोसळतात, म्हणजे अणुकेंद्रातल्या बलाला काहीतरी पल्ला असणारच, असा त्याचा मुद्दा.

पुढे 1956 ला स्कोर्न्याकोव्ह आणि तेर-मार्तिरोस्यान यांनी तीन कणांचं समीकरण मांडलं, 1961 ला डॅनिलोव्हने दाखवलं की दोघांची माहिती पुरत नाही, तिकडीसाठी एक आकडा वेगळा द्यावा लागतो. भाचीच्या कोडमध्ये नेमका तोच नव्हता.

खरी गंमत 1970 ची. आपल्याकडे तीन तिगाडा काम बिगाडा म्हणतात, लेनिनग्राडच्या विताली एफिमॉव्हने बरोब्बर उलटं काढलं. दोघांचं जुळता जुळता राहतंय अशा ठिकाणी तिसरा आला की तिघं बांधले जातात, आणि एकदाच नाही, अशा अवस्थांची अख्खी शिडीच, प्रत्येक पुढची तिकडी 22.7 पट मोठी आणि 515 पट सैल. पहिली तिकडी द्राक्षाच्या मण्याएवढी, 2 सेंटीमीटरची धरा, तर दुसरी साधारण 45 सेंटीमीटर, तिसरी 10 मीटर, चौथी पाव किलोमीटरच्या आसपास! अनेकांना हे पटलं नाही, त्यांचाही फार दोष नाही म्हणा.

मग हे प्रयोगात दिसायला 36 वर्षं का लागली? कारण अणुकेंद्रातलं बल निसर्गाने दिलंय तेवढंच, कमीजास्त करता येत नाही. 1995 ला बोस-आइनस्टाइन कंडेन्सेट, म्हणजे अतिथंड अणूंचा एकजीव झालेला ढग, बनलं आणि 1998 ला एमआयटीत सोडियममध्ये फेशबाख रेझोनन्स दिसला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र हलवलं की अणूंमधली ओढ रेडिओच्या बटणासारखी फिरवता येते. 2006 ला इन्सब्रुकमध्ये रुडॉल्फ ग्रिमच्या टीमने सीझियमचे अणू 10 नॅनोकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, थंड करून बटण फिरवलं. तिकडी कुणी डोळ्यांनी पाहिली नाही हां, तीन अणू भेटले की दोघं रेणू बनवतात, सुटलेल्या एनर्जीने तिघंही सापळ्याबाहेर फेकले जातात, आणि ठराविक ठिकाणी ही गळती एकदम वाढलेली दिसली, तीच खूण.

पण एका पायरीवरून शिडी सिद्ध होत नाही. दुसरी पायरी तिथेच 2014 ला सापडली, आकाराचं गुणोत्तर आलं 21, म्हणजे 22.7 च्या जवळच. दरम्यान डॅनिलोव्हचा तो वेगळा आकडा प्रत्येक अणूला मनमानी असेल असं धरलं होतं, तो बहुतेक ठिकाणी अणूंमधल्या व्हॅन डर वाल्स ओढीच्या (अणू एकमेकांना दुरून हलकेच ओढतात ती) पल्ल्यावरूनच ठरतो असं निघालं, मॉडेलवाल्यांचं काम बरंच सोपं झालं. भाचीने तिथेच शून्याच्या जागी हा पल्ला घातला, एनर्जी थांबली, मिसळ मात्र तोवर गार.