बाळगुटीतलं मायफळ आणि रेम्ब्राँची रेघ

जुन्या युरोपीय रेखाचित्रांतली माणसं तपकिरी दिसतात. पण त्यांतली पुष्कळशी काढली तेव्हा काळी होती, कारण ती मायफळाच्या शाईने काढलेली.

बाळगुटीत उगाळतात ते मायफळ म्हणजे ओकच्या झाडावर किड्याने अंडं घातल्यामुळे धरलेली गाठ. तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य ठासून भरलेलं असतं. मायफळं कुटून भिजवायची, पाणी गाळून त्यात हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक घालायचा. जुन्या कृतींत मायफळ, हिराकस आणि डिंक यांचं ३:२:१ हे प्रमाण वारंवार भेटतं. ही शाई ओली असताना फिकट दिसते. कागदावर हवा लागली की लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन ती काळी पडते आणि पुढच्या काही शतकांत तपकिरी होते.

हिराकस जास्त पडलं तर टॅनिनशी न बांधलेलं लोह शिल्लक राहतं. ते आणि शाईतलं आम्ल मिळून कागद खातात. केस, काखेतली सावली अशा शाई साचलेल्या जागा आधी जातात. कागद उलटून पाहिला तर मागे तपकिरी छाया दिसते, मग तडा आणि शेवटी रेघेच्या जागी फट. अशा कागदाला पाणी मात्र लावू नये. सुटं लोह विरघळून आजूबाजूला पसरतं.

दहापट भिंगाखाली लेखणीही ओळखू येते. हंसाच्या पिसाचं टोक दाबलं की फाकतं, त्यामुळे खांद्याच्या वळणावर रेघ फुगते आणि पुन्हा बारीक होते. बोरू इतका लवत नाही. त्याची रेघ जाड, बोथट आणि शाई लवकर संपत असल्याने शेवटी खरखरीत, तुटक. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्राँने दोन्ही वापरले, कधी एकाच चित्रात. रेघेच्या दोन्ही कडांना ओरखडल्यासारख्या चऱ्या दिसल्या तर पोलादी निबचा संशय घ्यावा. ती एकोणिसाव्या शतकात सर्रास झाली, तेव्हा चित्रावरची सतराव्या शतकातली तारीख तपासलेली बरी.

सावलीच्या समांतर रेघा उजव्या हाताच्या माणसाच्या सहसा उजवीकडे वर चढतात. लिओनार्दो डावखुरा, त्याच्या डावीकडे चढतात. (कागद फिरवून काढलं असेल तर हा पुरावा लटका पडतो.)

शाईबद्दल शंका असेल तर अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेरा लावतात. मायफळाची शाई त्यात फिकट होत जवळजवळ नाहीशी होते. काजळाची शाई मात्र काळीच राहते. आपल्या मोडी दफ्तरांत बोरूने लिहिलेली शाई बहुतेक या काजळाच्या जातीची. ती कागद खात नाही, पण ओल्या बोटाने पुसली जाते.