फलज्योतिषाची पुणे चाचणी

पत्रिकेत खरंच काही असतं का, हा वाद आपल्याकडे लग्नाचं स्थळ आलं की घराघरात सुरू होतो. त्यावर पुण्यात २००८ साली जो प्रयोग झाला त्याला पुणे चाचणी म्हणता येईल. यात पेपरात येतं तसलं राशिभविष्य नव्हतं, आपलीच कुंडली आणि आपलेच ज्योतिषी होते, म्हणून ती जास्त महत्त्वाची. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि आधी स्वतः ज्योतिष केलेले व नंतर त्याचे चिकित्सक झालेले प्रकाश घाटपांडे अशी ही टीम.

प्रश्न मुद्दाम सोपा ठेवला होता. १०० हुशार शाळकरी मुलं आणि १०० मतिमंद मुलं अशा २०० पत्रिका जमवल्या, नावं काढून त्यांना कोड दिले, आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पाठवल्या. कुठली पत्रिका हुशार मुलाची आणि कुठली मतिमंद मुलाची, एवढंच सांगायचं. नोकरी कधी लागेल, परदेश योग आहे का, असलं काही नाही. बरं, पंचम स्थान आणि बुध यांच्यावरून बुद्धी बघतात हे ज्योतिषीच सांगतात, त्यामुळे हा प्रश्न शास्त्राबाहेरचा होता असंही म्हणता येत नाही.

५१ जणांनी पत्रिका मागवल्या, उत्तरं आली २७ जणांची. आता गंमत बघा, नुसतं नाणं उडवून छापा-काटा केला तरी ४० पैकी साधारण २० बरोबर येतातच, आणि इथे सरासरी आली १७.२५, सगळ्यात चांगला आकडा २४, त्याखालोखाल दोघांचे २२, बाकी सगळे २० किंवा कमी. निव्वळ नशिबाने २८ किंवा जास्त यायची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते, म्हणजे पत्रिकेत खरंच काही असेल तर निदान तिथपर्यंत कोणीतरी पोचायला हवं होतं ना, कोणीच पोचलं नाही. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका बघितल्या, त्यांच्या १०२ बरोबर आल्या, म्हणजे परत छापा-काटाच. हे सगळं २००९ मध्ये 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं.

याआधी २००१ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञानाचे कोर्स काढायचं ठरवलं होतं, त्याविरुद्धची याचिका सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये फेटाळली. पण कोर्स चालवायला हरकत नाही आणि भाकीत खरं ठरतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक हटकून गल्लत करतात.

भाकीत चुकलं की ठरलेलं उत्तर असतं, "जन्मवेळ चुकली असेल". लग्नरास, म्हणजे जन्मावेळी पूर्वेला उगवत असलेली रास, साधारण दर दोन तासांनी बदलते त्यामुळे हे ऐकायला पटतं, फक्त भाकीत बरोबर आलं तेव्हा वेळेबद्दल कोणी विचारत नाही! मंगळाचंही तसंच. १, ४, ७, ८, १२ यातल्या कुठल्याही स्थानी तो असला की पत्रिका मंगळाची, म्हणजे १२ पैकी ५ घरं, ढोबळमानाने ४२ टक्के लोक, मग त्यातून सुटायला 'सौम्य मंगळ' वगैरे अपवाद काढावे लागतात.

आणि मुळात सुरुवातीचं गणितच एक नाहीये. टिळक पंचांग आणि इतर मराठी पंचांगं यांच्या अयनांशात, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची त्या हिशोबात, सुमारे ४ अंशांचा फरक आहे, एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं, म्हणजे दहातल्या साधारण तीन मुलांचं नक्षत्र नुसतं पंचांग बदललं की बदलतं. नक्षत्र बदललं की बहुतेकदा नाडीही (नक्षत्रांच्या तीन गटांपैकी आपला गट) बदलते, आणि पत्रिका जुळवताना ३६ पैकी ८ गुण त्या एकट्या नाडीचे, त्यामुळे एका पंचांगाने एकनाड (दोघांची नाडी एकच) म्हणून मोडलेलं स्थळ दुसऱ्या पंचांगाने जुळूही शकतं.